कशाची बॅटरी?

माझ्या बॅटरीवर एका अनोळखी काकांच्या ओठांचा ठसा उमटला आहे. पांढरट, अर्धचंद्रासारखा, आणि त्याच्या डाव्या टोकाला मिशीचा एक केस. हे वाक्य लिहायची वेळ यावी इतकं मी कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

बॅटरी म्हणजे टॉर्च. स्वतः केलेली, शिसवीची. ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरच्या दुकानांत एका मोडक्या पलंगाचा पाय दीडशे रुपयांत मिळाला. लॅमिंग्टन रोडवरून स्विच, एलईडी आणि सेल आणला. एका लेथवाल्याने कपाळाला आठ्या घालत मधोमध भोक पाडून दिलं. बाकी सगळं गॅलरीत बसून माझं. ‘मुंबईत लाईट जातात कुठे?’ असं नवऱ्याने पहिल्या दिवशी विचारलं होतं. पाच महिने तो हेच विचारतोय.

वस्तू करणं सोपं असतं हो. जीव घेतं ते पॉलिश. शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर काहीही फासा. पण रोज हाताळायची वस्तू, जिला घामट तळवा लागणार, जी पर्समध्ये चाव्यांशी आणि सुट्या नाण्यांशी भांडणार, ती आतून आणि बाहेरून दोन्हीकडून बंद करावी लागते. मी नुसती बाहेरून केली. लाकडाने आतल्या बाजूने जुलैची हवा पिऊन घेतली, अंग फुगवलं, आणि मागचं झाकण असं बसलं की उघडायला वॉचमनला वर बोलवावं लागलं.

त्याआधी तेलाचं प्रकरण झालं होतं. जवसाचं तेल लावा, लाकूड कसं उजळतं बघा, असं सगळे सांगतात. उजळलं. पण तीन आठवडे झाले तरी सुकेना. हात लावला की गुलाबजाम उचलल्यासारखं. मग कळलं की शिसवीच्या अंगातच अशी द्रव्यं असतात की ती तेलाला सुकूच देत नाहीत. हे सांगणारे कुठे होते आधी? शिवाय तेलाची फडकी चुरगाळून फेकायची नसतात, सुकताना ती आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून मी ती दोरीवर एकेक पसरून वाळत घातली. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी वर बघून विचारलं, “काय हो, पापड का?”

शेवटी आमच्या गल्लीतल्या पॉलिशवाल्या मिस्त्रींना शरण गेले. त्यांनी बॅटरी नाकाशी धरली, मग माझ्याकडे बघितलं. “उतरवा सगळं. स्पिरिटने पुसा. चपडा मारा.” चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायचे, गाळायचे, आणि कापसाच्या बोळ्याने एकावर एक थर द्यायचे. पावसाळ्यात हे काम म्हणजे शिक्षा. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा तिथेच येऊन बसतो आणि सगळं भस्म फासल्यासारखं पांढरं दिसतं. मी बेडरूमचा एसी लावून, नवऱ्याला बाहेर काढून, अकरा थर दिले. मधे मधे चारशे नंबरचा पॉलिशपेपर, तोही बाळाचं अंग पुसावं तसा. आतल्या भोकात रंगाचा लहान ब्रश घालून तीन थर. मिस्त्री म्हणाले होते, “वरून पीयू मारा, रोजच्या वापराला चपडा टिकत नाही.” मी नाही ऐकलं. पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनच्या प्लास्टिकसारख्या थराने, लाकूड रेस्टॉरंटच्या टेबलासारखं दिसतं. लाखेचा रंग कसा, कडक चहा काचेच्या ग्लासात धरल्यासारखा.

तर गेल्या संकष्टीला ही बॅटरी पर्समध्ये टाकून मी एका मॉलमध्ये गेले. बायकांच्या रांगेत, पडद्याआधीच्या टेबलावर पर्स उघडली. खाकी गणवेशातली पंचविशीतली मुलगी होती, चेहऱ्यावरून कोकणातली.

“ताई, हे काय आहे?”

“बॅटरी.”

“बॅटरी कळली. कशाची?”

आता यावर काय बोलायचं? मराठी माणूस टॉर्चला बॅटरी म्हणतो, सेलला पण बॅटरी म्हणतो आणि घोळ घालून ठेवतो. मी म्हटलं, टॉर्च, हे बघा. आणि बटण दाबलं. लागली नाही. आत लाख मारताना एक थेंब पितळेच्या टोकावर गेला होता. लाखेतून वीज जात नाही, हे ज्ञान मला त्या क्षणी, त्या रांगेत झालं.

तिने टेबलावरचा लॅमिनेट केलेला कागद पुढे ओढला. निषिद्ध वस्तू. चाकू, लायटर, आणि ई-सिगारेटचं चित्र. कबूल करते, माझी बॅटरी त्या चित्राची सख्खी मावसबहीण दिसत होती. आत सेलही तोच असतो पुष्कळदा, 18650, म्हणजे अठरा मिलीमीटर जाड आणि पासष्ट लांब. परदेशात लोक हौसेने लाकडाच्या ई-सिगारेटी कोरतात आणि आमच्यासारखेच पॉलिशच्या नावाने रडतात. पण आपल्याकडे 2019च्या कायद्याने ती वस्तू बनवायलाच बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मी तिला नुकतंच, थोड्या अभिमानाने, सांगून बसले होते की ही मी घरी बनवली.

इथे काका आले. आले म्हणजे ते तिथेच होते, बायकोची एक आणि स्वतःच्या दोन पिशव्या घेऊन, ती पडद्याआडून बाहेर यायची वाट बघत.

“अहो, चांगल्या घरच्या दिसतात बाई,” ते त्या मुलीला म्हणाले.

म्हणजे? वाईट घरच्या असते तर?

“काका, ही टॉर्च आहे.”

“तेच तर सिद्ध करतो. माझ्या पुतण्याकडे होती ती सिगारेट. ओढली की पुढे दिवा लागतो. नाही लागला, तर ही ती नाही. साधं लॉजिक आहे.” असं म्हणून त्यांनी टेबलावरून बॅटरी उचलली. मी हात पुढे केला तर म्हणाले, “थांबा, निर्जंतुक करून घेऊ.” आणि शेजारच्या बाटलीतून सॅनिटायझरच्या चार पिचकाऱ्या मारल्या.

लाख कशात विरघळते? स्पिरिटमध्ये. सॅनिटायझर म्हणजे काय? तेच, वास लावलेलं. माझे अकरा थर माझ्या डोळ्यांदेखत मऊ पडत होते आणि मी ‘अहो अहो’ याच्यापुढे शब्द काढू शकत नव्हते. काकांनी बॅटरी तोंडाला लावली, डोळे मिटले आणि नळीने शहाळं ओढावं तसे गाल आत ओढले.

“काही येत नाही,” बॅटरी तोंडात तशीच ठेवून ते म्हणाले. मग काढायला गेले तर ओठ आला नाही. हलकासा ‘टच्’ आवाज झाला. मिशी मागे राहिली, म्हणजे एका केसापुरती.

“चिकट कशाने झालं हे?”

“लाख आहे काका. पॉलिश.”

“विषारी?”

“नाही हो. औषधाच्या गोळ्यांवर लावतात, चॉकलेटच्या गोळ्यांवर लावतात. किड्यापासून मिळते, पण…”

“किड्यापासून?”

त्याच क्षणी काकू पडद्याआडून बाहेर आल्या. “अहो! काय घातलंत तोंडात? संकष्टी आहे ना आज!”

यानंतर सात-आठ मिनिटं तिथे जी चर्चा झाली ती मी आयुष्यात विसरणार नाही. लाखेचा किडा मरतो का, की नुसता स्राव काढून घेतात? स्राव मधासारखा धरायचा की रेशमासारखा? मध उपासाला चालतो. पण मध ओढून घेतला तर? गिळला नाही, फक्त ओठाला लागला, तर उपास मोडला का? मागे रांग वाढत होती. मी मदत म्हणून सांगितलं की तुमच्या बीपीच्या गोळीवरही ती असू शकते, तर काकांनी खिशातून पाकीट काढून, चष्मा कपाळावर चढवून, मागची अक्षरं वाचायला घेतली. काकू म्हणाल्या, गोळी औषध आहे, त्याला दोष नाही, पण हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं करायला? पहिल्यांदा माझ्या बाजूचं कुणीतरी बोललं.

मग काकांना आठवलं. “लाख! म्हणजे लाक्षागृह! पांडवांना जाळायला बांधलेलं! भडाभडा पेटतं ते!”

ती मुलगी, जिने एव्हाना मला सोडूनच दिलं असतं, सावध झाली. “म्हणजे ज्वलनशील आहे का ताई? आणि आत बॅटरी आहे?”

झालं. सुपरवायझर आला. वही आली. ‘लाकडी वस्तू, 1 नग’ अशी नोंद झाली आणि मला प्लास्टिकचा टोकन मिळाला. काका-काकू आत निघून गेले. सॉरी वगैरे काही नाही. जाताना काका म्हणाले, “मी होतो म्हणून तुमचं निस्तरलं.”

आणि मला खरोखर ज्याचा राग आहे ते हे. आम्ही लाक्षागृहात अडकलेले असताना पुरुषांच्या रांगेतून एक पोरगं गळ्यात पेनड्राइव्हसारखं काहीतरी लटकवून आरामात आत गेलं. आत लिफ्टजवळ त्याच्या तोंडातून आंब्याच्या वासाचा ढग निघत होता. आणि मॉलच्या भिंतीला टेकून जी टपरी आहे तिथे साधी सिगारेट सुट्टी मिळते, पेटवायला दोरीला बांधलेला लायटरसुद्धा असतो. मला कुणी धूर काढताना पाहिलं नव्हतं. मी काही ओढलं नव्हतं. मी फक्त एक वस्तू स्वतः केली होती, आणि स्वतः केलेली वस्तू कुठल्याच कागदावरच्या चित्रात बसत नाही. दुकानातली दोनशे रुपयांची चिनी टॉर्च असती तर त्या मुलीने मान वर करूनही पाहिलं नसतं. असो. तिचा तरी काय दोष, बारा तास उभी असेल.

परत घेताना बॅटरीवर ओठांच्या ठशाशेजारी सुपरवायझरचा अंगठाही आला होता, रेषांसकट. आधार कार्डाला चालेल इतका स्पष्ट.

घरी आल्यावर मिस्त्रींकडे गेले. त्यांनी ठसा बघितला, केस बघितला, मी काय सांगते ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “पीयू मारला असता तर काका कोरडे सुटले असते.”

मी घाईघाईने स्पिरिटचा बोळा फिरवून ठसा पुसायला गेले, तर लाख पुन्हा मऊ झाली आणि केस वर यायच्या ऐवजी आत गेला. आता तो चहाच्या रंगात, काचेखाली ठेवल्यासारखा व्यवस्थित दिसतो. पांढरा आहे, टोकाला जरा वळलेला. काढायचा तर दोनशेवीस नंबरचा पेपर घेऊन पार लाकडापर्यंत जावं लागेल. पाऊस थांबल्यावर बघू. काल रात्री जिन्यातला दिवा गेला होता, तेव्हा नवऱ्याने ती नेली आणि वर येऊन विचारलं, “हिच्यावर हे केसासारखं काय आहे?”