बॅटरीची वायर काढू नका, माझ्याच पोस्टबद्दल खुलासा

चालू गाडीचं इंजिन अचानक बंद पडत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं काढून परत लावा, कंपनीकडे जायची गरज नाही, असं मीच लिहिलं होतं आणि आता ते सगळीकडे फिरतंय. ते चुकीचं आहे, मनापासून सॉरी.

तेव्हा माझी गाडी चालू झाली खरी, पण चार दिवसांनी भर ट्रॅफिकमध्ये परत बंद पडली. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावला तर मेमरी कोरी. बिघाड झाला की ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, फॉल्ट कोड (बिघाडाचा नंबर) आणि त्या क्षणाचा आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), स्पीड, टेम्परेचर साठवून ठेवतो आणि बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरी काढली की हा पुरावाच पुसला जातो, मग कंपनीवाले म्हणतात काही सापडलं नाही. शेवटी खराब निघाला क्रँकशाफ्ट सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय हे ईसीयूला सांगणारा), तो खराब झाला की बऱ्याचदा गरम असताना सिग्नल देणं बंद करतो आणि थंड झाला की परत चालतो, म्हणजे त्या दहा मिनिटांत तो नुसता थंड झाला होता.

तर वायरला हात न लावता गाडी दाखवा, जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून घेतं तो कागद) गाडी कधी बंद पडली, किती स्पीडला, इंजिन गरम होतं का थंड हे लिहून घ्या, कॉपी ठेवा, चेसिस नंबर टाकून रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघा. आणि हो, चालता चालता बंद पडलीच तर गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ब्रेक सारखा पंप न करता जोर लावून दाबून धरा.

जुना मेसेज जिथे पाठवला असेल तिथे प्लीज हा टाका, तो पुढे पाठवू नका.