धामापुरात कोण आसा?

मॅरेथॉनच्या आधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे धावणं कमी करायचं असतं. याला टेपरिंग म्हणतात. पायांचा थकवा उतरतो, स्नायूंना उसंत मिळते आणि रिकामा झालेला माणूस दिवसभर स्वतःचे गुडघे दाबून बघत बसतो. एरवी कधी न दुखलेली पोटरी नेमकी आताच ठणकायला लागते. घरी बोलायची सोय नाही, कारण घरचे ‘मग जाऊ नको’ म्हणायला टपलेलेच असतात.

शिवाय खाणं. शेवटचे दोन-तीन दिवस भात, बटाटा, पेज असलं भरपूर खाऊन अंगात साखर साठवायची. नाहीतर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास ती संपते आणि पाय जागेवर थिजतात. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे जेवायचंच ना?” पण आमटीत तिखट नको, वडे-सागोती नको, तळलेला बांगडा तर नकोच, म्हटल्यावर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

काल सकाळी पाय मोकळे करण्यापुरतं धावावं म्हणून बाहेर पडलो. खरं तर आमच्या मालवणात धावायला देवबागचा रस्ता सपाट. पण एकीकडे समुद्र, दुसरीकडे कर्लीची खाडी, मधल्या चिंचोळ्या रस्त्यावर डॉल्फिन बघायला उशीर झालेल्या पाहुण्यांच्या गाड्या. गाडीवाला हॉर्न वाजवतो तो ‘बाजूला हो’ म्हणून नाही, ‘तू इथे कसा?’ म्हणून. पर्यटनाने चार पैसे आले, कबूल. पण गावच्या माणसाने पायी चालायचं कुठे? डांबर संपलं की खडी, खडी संपली की कोणाचा तरी गडगा. परवा एकाने काच खाली करून मलाच तारकर्लीचा रस्ता विचारला आणि मी दम घेऊन उत्तर देईपर्यंत निघूनही गेला.

म्हणून कुडाळच्या रस्त्याला लागलो. चढ-उतार आहेत, पण सकाळी वर्दळ कमी. एसटीच्या थांब्यावर वाडीतली काकी पिशवी घेऊन उभी होती. तिने हात आडवा केला. काकीने हात आडवा केल्यावर कोण पुढे जाणार?

“काय रे झिला, कोण पाठी लागलो?”

“कोण नाय गो काकी. धावतंय.”

“ता माका दिसता. कित्याक?”

सांगितलं. रविवारी मुंबईत शर्यत, बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडे मीटर. तिने पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवली म्हणजे एसटी येईपर्यंत माझी सुटका नाही, हे मी ओळखलं. हातातल्या घड्याळानेही ओळखलं आणि मी थांबल्याची नोंद करून टाकली.

“बेचाळीसच कित्याक? चाळीस नाय पुरत?”

आता हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून मी किती दिवस वाट बघत होतो. उत्साहाने सांगायला लागलो. १९०८ साली लंडनला ऑलिंपिक झालं. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर भरलं बेचाळीस किलोमीटर एकशे पंचाण्णव मीटर, आणि पुढे १९२१ मध्ये तेच कायम झालं.

“म्हणजे राजा खंय बसलो ता बघून तुमी धावतास?”

“तसाच काय ता.”

“तो राजा आसा अजून?”

“नाय गो. कधीच मेलो.”

“मगे आता कोणाक दाखवक?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. विषय बदलावा म्हणून अंतर तिला कळेल असं सांगायला गेलो. म्हटलं, हंयसून कुडाळ, आणि कुडाळासून परत अर्ध्या वाटेर. साधारण धामापुरापर्यंत समज.

काकी बराच वेळ गप्प. तिच्या डोळ्यांपुढे तो सगळा रस्ता येऊन गेला असावा.

“धामापुरात कोण आसा?”

“कोण नाय.”

“मगे थंय कित्याक थांबतंस? इतक्या लांब जावन घराक येवचा नाय?”

“काकी, धामापूर नुसता उदाहरण…”

“पूर्वी तळ्याकडची देवी लग्नाक दागिने तरी देय. ता पण बंद झाला. आता थंय जावन मेळतला काय?”

“पदक मेळता,” मी म्हणालो. रागाने.

“पहिलो येतलंस?”

“पुरी करणाऱ्या सगळ्यांका मेळता.”

“सगळ्यांका!” काकीने हे थांब्यावरच्या दुसऱ्या बाईकडे बघून म्हटलं. “आणि पैशे कोण देता?”

फी आम्हीच भरतो, हे सांगायला नको होतं, पण दुसरी बाईही आता कान देऊन उभी होती. पुढची दोन मिनिटं त्या दोघी माझ्याबद्दल, माझ्यासमोर, पण माझ्याशिवाय बोलल्या. बँकेत कामाला आसा, बायको शिकलेली आसा, बापूस असो नव्हतो.

तेवढ्यात एसटी आली. काकी चढली, आणि एक पाय पायरीवर ठेवून कंडक्टरला म्हणाली, “जरा थांबा, ह्येका पण घेवा. धामापुराक धावत चललो हा.” कंडक्टर मला म्हणाला, “चढा.” मी नको म्हटलं. तो म्हणाला, “सुटे नसले तरी चढा.” खिडक्यांतून डोकी बाहेर आली. गाडी सुटली ती नेमकी माझ्याच दिशेने, आणि पुढे चढ असल्यामुळे बराच वेळ माझ्या वेगाने चालली. आतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी गटाराकडे बघत धावलो.

दुपारी औषधाच्या दुकानात व्हॅसलीन घ्यायला गेलो. मांड्या आणि काखा घासून सोलवटतात आणि छातीवर दोन ठिकाणी बनियनने रक्त येतं म्हणून ते लावायचं असतं. दुकानदार भर गर्दीत ओरडला, “एवढो मोठो डबो? म्हणजे धामापूर खरा तर!”

संध्याकाळी बॅग भरायला घेतली. नवीन काही अंगावर घालायचं नाही हा नियम, म्हणून जुने बूट, जुने मोजे, बिब म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, तो लावायला सेफ्टी पिना. साखरेची ती महागडी जेलची पाकिटं इथे मिळाली नाहीत, त्यांच्या जागी मालवणी खाजा घेतला. गूळ, आलं, बेसन, अजून काय हवं? बिब घ्यायला आदल्या दिवशी स्वतः ओळखपत्र घेऊन जायचं आहे, म्हणून कुडाळहून रात्रीची गाडी.

चेन लावत होतो आणि काकी आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं पार्सल. तिचा मुलगा विरारला असतो. माझी शर्यत दक्षिण मुंबईत आहे, विरार तिथून पार दुसऱ्या टोकाला, आणि आदल्या दिवशी पायांना पूर्ण विश्रांती सांगितली आहे, हे सगळं मी तिला नीट, शांतपणे सांगितलं.

“बेचाळीस धावतलंस आणि विराराक जावक जड जाता?”

पार्सलात सुके बांगडे आहेत आणि बॅगेत जागा फक्त बुटांच्या खणात आहे.