खुलासा : ‘वृक्षाग्रवासी’ म्हणजे ताडगोळा नव्हे

‘वृक्षाग्रवासी न च पक्षिराजः’ या संस्कृत कोड्याचं उत्तर ‘ताडगोळा’ असल्याचा मेसेज दादर-परळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. ते बरोबर नाही. उत्तर नारळ.

पुढचे चरण असे : ‘त्रिनेत्रधारी न च शूलपाणिः। त्वग्वस्त्रधारी न च सिद्धयोगी जलं च बिभ्रन्न घटो न मेघः॥’ झाडाच्या शेंड्यावर राहतो पण गरुड नाही, तीन डोळे पण शंकर नाही, सालीचं वस्त्र पण योगी नाही, पाणी धरतो पण घडाही नाही, ढगही नाही.

घोळ झाला तो तीन डोळ्यांवरून. ताडफळात बहुधा तीन गोळे निघतात, हे खरं. (वसईकडचे ताडगोळे मलाही नारळापेक्षा प्रिय!) पण कधी दोनच निघतात, आणि ते फळाच्या पोटातले गर, चेहऱ्यावरचे डोळे नव्हेत. नारळ सोलून शेंडी काढा, करवंटीवर तीन डोळे समोर दिसतात. त्यातला एक मऊ, कोंब तिथूनच फुटतो. सालीचं वस्त्र म्हणजे नारळाचं सोडण, करवंटीवरचं काथ्याचं आवरण. आणि घड्यासारखं पोकळीत खळखळणारं पाणी ताडगोळ्यात कुठलं?

मेसेज पुढे पाठवला असेल तर तिथेच दुरुस्ती टाका.