‘क्ष’ला नंबर का नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. फ्रेंच ‘कॅफे’तल्या, डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ई’ला (é) युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, स्वतंत्र क्रमांक आहे, आपल्या ‘क्ष’ला नाही, मराठीला अशी सावत्र वागणूक मिळालीय आणि मी तिचंच कौतुक करत बसलोय, असा तुमचा राग. शिवाय, ‘लक्ष्मीपुरीत वीस वर्षं लग्नपत्रिका लावतोय, आमचे जुने फॉन्टच बरे होते.’

आधी माझी चूक. त्या रेघवाल्या ‘ई’ला एकच क्रमांक असतो, असं मी ठोकून दिलं होतं. ते अर्धंच खरं. २३३ हा तयार अक्षराचा क्रमांक. पण साधी ‘ई’ लिहून तिच्यामागे ७६९ क्रमांकाची सुटी रेघ टाकली तरी पडद्यावर तेच अक्षर उमटतं. डोळ्याला फरक कळत नाही. आधी दोन्ही एकसारखी करून न घेणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ती दोन वेगळी अक्षरं वाटतात.

अन्यायाचं मात्र पटत नाही. तो तयार क्रमांक कुणी लाडाने दिलेला नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्याआधीच संगणकासाठीच्या युरोपच्या अक्षरतक्त्यात ते अक्षर २३३ व्या घरात बसलं होतं, ते तिथंच राहू दिलं. देवनागरीचा तक्ताही असाच, आपल्या १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय लिप्यांच्या तक्त्यावरून आला. त्यातही ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) आणि ष. म्हणजे हा कारभार आपल्याच लोकांचा, आणि माझ्या मते शहाणपणाचा. जोडाक्षरं मोजायला बसलात तर ‘कार्त्स्न्य’पर्यंत पोचेतो रंकाळ्यावर दिवे लागतील.

गावाचंच नाव घ्या. ‘कोल्हापूर’ वाचताना अक्षरं चार. संगणक साठवतो नऊ खुणा: क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दुसरा उकार, र. ‘ल’ला ‘ह’ कसा चिकटवायचा, हे फॉन्टमधल्या नियमांनी ठरतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक फाइलीत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे एकूण सत्तावीस. हीच फाइल चुकून त्या जुन्या युरोपीय तक्त्याने वाचली, की दर तिसऱ्या ठिकाणी डोक्यावर रेघ असलेला रोमन ‘ए’ येतो. ‘कोल्हापूर’मध्ये नऊ वेळा. बिघडलेल्या मेलमध्ये ही रेघांची जत्रा तुम्हीही पाहिली असेल.

आता तुमचे जुने फॉन्ट. त्यांत खिळे जुळवण्याचीच रीत होती: ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. हाताला सवय होती, दिसायचंही सुरेख, आणि आजचे कित्येक युनिकोड फॉन्ट त्यांच्या वळणाच्या पासंगालाही पुरत नाहीत, हे कबूल. पण आत साठत होती रोमन अक्षरं, मराठीचा नुसता मुखवटा. माझ्या आत्याच्या लग्नाची पत्रिका एका सीडीवर आहे. फॉन्ट हरवला, आता तिथं नवरीच्या नावाच्या जागी कंस, टक्के आणि स्वल्पविराम.

तुम्हाला भांडायचंच असेल तर जागा दाखवतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ पन्हाळ्याच्या. हा आडवा र काढायच्या दोन वाटा आहेत: नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण. छापून आल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र दोन वेगळे शब्द. तसंच ‘ॲप’चं. ॲ ला स्वतःचं घर मिळालं २००८ मध्ये. तोवर लोक अ वर चंद्र ठेवत होते, अजून ठेवतात. त्या फ्रेंच ‘ई’ची दोन रूपं एकच मानायची, असं युनिकोडने लिहून ठेवलंय. आपल्या या दोन जोड्यांसाठी तशी सोय नाही. सावत्रपणा म्हणायचाच तर तो इथं.

मूळ लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलंय. तुमच्याकडं युनिकोडमधली एखादी मोठी फाइल असेल तर तिच्यात आडवा ‘ऱ्य’ दोन्ही वाटांनी शोधून बघा, आणि कुठल्या वाटेने किती सापडले ते इथंच कळवा.