ओढ्याचं नाव मी का लिहिलं नाही

गदगकडच्या कप्पतगुड्ड डोंगररांगेत सोन्याच्या शोधात जायचं तर सहल कशी आखावी, यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्याखाली निपाणीच्या एका वाचकांनी लांबलचक आणि रागाची प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: मथळा सोन्याचा आणि आत नुसतं पाणी, भाकरी, परवानगी. ओढ्याचं नावसुद्धा नाही, आणि वर ओढ्यात परात बुडवू नका म्हणे. ऑस्ट्रेलियात माणसं सुट्टीच्या दिवशी बायकापोरांसह जाऊन सोनं धुतात आणि आपल्याकडे लेखकच वाचकाला भीती घालतो. गावात आधी सांगून जा, हा सल्ला म्हणजे उगाच बोभाटा. आणि शेवटी, ज्या जालगारांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या ओढ्यांत सोनं धुतलं, त्यांना तुम्ही एका ओळीत उरकलंत. त्यांनी कुणाचा परवाना घेतला होता?

सर, तुमचा शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. जालगारांवर मी एकच ओळ लिहिली, ते चुकलं.

जालगार म्हणजे पावसाळ्यात ओढ्याची वाळू धुऊन सोन्याचे कण वेगळे काढणारी माणसं. धारवाडच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं १८७४ साली डंबळच्या टेकड्यांमधल्या, म्हणजे याच रांगेतल्या, सोनं असलेल्या खडकांवर लेख छापला आणि तिथल्या खडकांचे डोणी, कप्पतगुड्ड, सोरटूर असे पट्टे पाडले. पण फूटसाहेबांच्या कितीतरी आधीपासून कुठल्या ओढ्यात हात घालायचा हे जालगारांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे नकाशा नव्हता. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढा कुठं वळतो, वळणाच्या आतल्या अंगाला कुठं गाळ साठतो, सोन्याचे कण जिच्यासोबत बसतात ती जड काळी वाळू खडकाच्या कुठल्या भेगेत अडकते, हे त्यांच्या नजरेत होतं.

आपल्याकडे बेळगावात या कलेचा दुसरा अवतार होता, तो मी स्वतः पाहिलाय. लहानपणी शहापुरात आजोळी असताना पहाटे सराफी दुकानांसमोर एक माणूस रस्ता झाडायचा. मला वाटायचं तो नगरपालिकेचा. आजोबांनी सांगितलं, हा झारेकरी. दुकानातला केर आणि समोरच्या गटारीतला गाळ धुऊन त्यातलं सोनं काढतो. ओढ्यातला जालगार आणि गल्लीतला झारेकरी, दोघांच्या हातची कला एकच. आणखी एक धागा आहे. संस्थानी काळात आपलं शहापूर सांगलीकर पटवर्धनांकडे होतं आणि गदगजवळचा शिरहट्टी तालुकाही त्यांच्याचकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कंपन्या त्या पट्ट्यात उतरल्या, खाणी खणल्या आणि काही वर्षांतच गाशा गुंडाळून गेल्या. त्यांतल्या एका खाणीला नावही सांगलीचंच होतं. म्हणून ती रांग मला परक्याची वाटत नाही. पण माझ्या ओळखीची आहे असंही म्हणवत नाही.

दुसऱ्या खेपेला डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक अज्जी भेटल्या. त्यांचे सासरे पावसाळ्यात वाळू धुवायचे. मी घरी सराव म्हणून माशाच्या जाळ्याला लावतात त्या शिशाचे वीस बारीक तुकडे वाळूत मिसळून परातीत धुऊन पाहत असे. शिसं सोन्याहून हलकं, पण वाळूच्या चौपट जड, त्यामुळे हाताला वळण लागायला चांगलं. माझ्या परातीत वीसपैकी अकरा उरायचे. तेच तुकडे मी अज्जींना दाखवले. अंगणातल्या रेतीत मिसळून त्यांनी अॅल्युमिनियमची परात पाण्यानं भरलेल्या घमेल्यात तिरकी धरली आणि आपल्या बायका तांदूळ रोळतात तशी वाळू रोळायला सुरुवात केली. हिसका नाही की घाई नाही. माझा हात मध्ये आला की 'हगुर, हगुर', म्हणजे हळू, हळू, म्हणायच्या. वरची पांढरी रेती पाण्याबरोबर काठावरून उतरत गेली, मग तांबूस, आणि शेवटी तळाशी काळ्या वाळूची बोटभर रेघ आणि तिच्या टोकाला शिशाचे दाणे. मोजले तर अठरा. अज्जी नाराज झाल्या. म्हणाल्या, या परातीचा तळ गुळगुळीत आहे, सासऱ्यांचं लाकडी होतं, लाकडाच्या रेषांत बारीक कण धरून राहतात. ते काथवटीसारखं भांडं वाळवीनं खाल्लं, म्हणून चुलीत गेलं.

तुम्ही विचारलंत, ओढ्यात परात बुडवायचीच नसेल तर एवढ्या लांब जायचं कशाला? मी यासाठी गेलो आणि पुन्हा जाणार आहे. गारगोटीच्या शिरा खडकातून कशा जातात, त्या झिजून सोनं ओढ्यात कसं येतं, हे त्या जमिनीवर उभं राहून पाहणं आणि ज्यांच्या घरात ती कला होती त्यांच्याकडून ती ऐकणं.

आता परवान्याचं. जालगारांनी परवाना घेतला नव्हता हे खरंच. खाणी आणि खनिजांचा आजचा कायदा १९५७ चा. त्याच्या चौथ्या कलमानुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेणं आणि खाणकाम दोन्ही मना आहे, आणि हौशी माणसासाठी त्यात वेगळी खिडकी नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंडाची. त्यात कप्पतगुड्ड २०१९ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. अभयारण्यात जायची परवानगी मिळते ती अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन किंवा तिथल्या रहिवाशांशी रीतसर व्यवहार यांसाठी. तिथलं पाणी वळवणं किंवा अडवणंसुद्धा परवानगीशिवाय गुन्हा आहे, आणि वाळू धुणारा माणूस पहिलं काम करतो ते पाणी अडवण्याचंच. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तुम्ही दिलंत, तर तिथल्या व्हिक्टोरिया प्रांतात यासाठी साध्या माणसाला दहा वर्षांचा परवाना अगदी थोड्या पैशांत मिळतो आणि कुठल्या जमिनीवर चालतो, कुठल्या नाही, हे ठरलेलं आहे. तिथली माणसं धाडसी म्हणून सोनं धुतात असं नाही, त्यांच्या हातात कागद असतो. तसा कागद आपल्याकडे असावा असं मलाही मनापासून वाटतं. पण आज तो नाही, आणि माझा लेख वाचून कुणी पोरगा परात घेऊन अभयारण्यात शिरला आणि अडकला, तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू?

शिवाय जालगार त्या गावचे होते. ओढा आटला, काठ ढासळला, तर त्यांचीच गुरं तहानेली राहणार होती. आपण शनिवारी जाणार आणि रविवारी परतणार. त्यांचा हक्क आपण आपल्या नावावर लावून घेणं मला पटत नाही.

ओढ्याचं नाव याच कारणानं गाळलं. डोणी आणि सोरटूर ही गावं दीडशे वर्षांपूर्वीच्या छापील कागदात आहेत, ती सांगायला मला काही वाटत नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर तिथल्या खडकांचे नकाशे कुणालाही फुकट पाहता येतात, ते जाण्यापूर्वी जरूर पाहा. पण नेमकं वळण लिहिलं की ते मोबाइलवर फिरतं, आणि दोन पावसाळ्यांत त्या काठावर खड्डेच खड्डे होतात. हे सगळं कशासाठी, याचा एकदा हिशोब करा. अर्धा मिलिमीटर लांबरुंद आणि त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा जाड असा सोन्याचा कण डोळ्याला छान चमकतो, पण त्याचं वजन अर्धा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. एका ग्रॅमला असे दोन हजारांवर कण लागतात, एका जुन्या, साडेअकरा ग्रॅमहून थोड्या जास्त वजनाच्या तोळ्याला चोवीस हजार. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीतसुद्धा एक टन दगड फोडून, दळून, रसायनांतून काढून काही ग्रॅमच हाती लागतात.

गावात आधी सांगा, या सल्ल्याला तुम्ही बोभाटा म्हणालात, त्यावर मात्र मला सविस्तर बोलायचंय. पहिल्या खेपेला मी तुमच्यासारखाच विचार केला होता. आम्ही चौघं. गाडीच्या कॅरियरवर तंबू, त्याखाली एक फावडं आणि एक कुदळ. फावडं तंबूभोवती चर मारायला, कुदळ उगाच. संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर गाडी लावली. तासाभरात दहा-बाराजण आले. पुढच्या वयस्कर माणसानं काही न बोलता बॅटरी गाडीवर फिरवली, ती फावड्यावर येऊन थांबली, मग कुदळीवर. त्यानं एकच शब्द विचारला, 'निधी?'

त्या एका शब्दात सगळं आलं, सर. त्या भागात जुनी देवळं जागोजागी आहेत. लक्कुंडी तिथून जवळ. चालुक्यांच्या काळात तिथं सोन्याची नाणी पडत. गुप्तधनाच्या लोभानं देवळांची जमीन उकरणारे, नंदीखाली खणणारे लोक रात्रीचे येतात, आणि त्यांच्याकडेही फावडं-कुदळच असते. आमच्याबरोबर खानापूरचे एक गुरुजी होते, त्यांचं कन्नड घरच्या मराठीइतकंच स्वच्छ. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं, आम्ही कोण, कुठले, कशाला आलो. मग त्याच वयस्कर माणसानं, सगळे त्यांना गौडरु, म्हणजे पाटील, म्हणत होते, आम्हाला माळावरून उठवून देवळाच्या कट्ट्यावर झोपायला लावलं आणि पहाटे घरून चहा पाठवला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बॅटरी घेऊन आलो असतो. तेव्हापासून मी आधी पंचायतीत जातो, गाडीचा नंबर आणि चौघांची नावं लिहून देतो, कुणाच्या शेतात तंबू ठोकायचा ते त्या मालकाला विचारून ठरवतो, आणि कुदळ घरीच ठेवतो. अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम नाहीच. त्या अज्जींपर्यंत मला पोचवलं तेही गौडरांनीच.

पाण्यावर मी एवढं का लिहिलं, तर आपण बेळगाव-खानापूरकडची माणसं पाण्याच्या बाबतीत लाडावलेली आहोत. कणकुंबीकडे ओंजळ धरली की पाणी. कप्पतगुड्डचा ओढा पाऊस पडला की काही तास वाहतो आणि मग वाळू उरते. मुंडरगी भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दोन दिवसांनी काही होत नाही, पण तिथली माणसं ते जन्मभर पितात, हे लक्षात घेऊन त्यांच्या शुद्ध केलेल्या पाण्यावर डल्ला मारू नये. चौघांना दोन दिवसांसाठी वीस लिटरचे तीन कॅन घरून भरून न्या. भाकऱ्या कडक करून घ्या, शेंगाचटणी आणि कारळ्याची चटणी. चूल पेटवायची गरज पडत नाही, आणि उन्हाळ्याच्या तोंडी त्या गवताळ डोंगराला ठिणगी फार महाग पडते. रात्री बूट झटकल्याशिवाय पायात घालू नका, दगड हातानं उलटू नका. घोणस आणि फुरसं दोन्ही तिकडे आहेत. कुणाला चावलंच तर मांत्रिक-बिंत्रिक न पाहता थेट गदगचं सरकारी रुग्णालय गाठायचं.

एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. मूळ लेखात मी ऑक्टोबर हा चांगला महिना म्हटलं होतं. तो चांगला नाही. परतीचा पाऊस तिथं ऑक्टोबरातच गाठतो आणि जमीन काळी. काळ्या मातीवर एक सर पडली की तंबूच्या खुंट्या लोण्यातून उपसाव्या तशा निघतात, चाकांना माती पुरणासारखी चिकटते आणि चाक मडगार्डमध्येच अडकून बसतं. आमची गाडी अशीच रुतली, बाभळीच्या फांद्या घातल्या, गोणपाट घातलं, शेवटी सकाळी एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरनं ओढून काढली आणि पैसे घेतले नाहीत. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ धरा. लेखात मी ते वाक्य आज दुरुस्त केलंय, आणि जालगारांवरची ती एक ओळ काढून तिथं अज्जींनी सांगितलेलं सगळं लिहायला घेतलंय.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा निघतोय. खानापूरचे गुरुजी आहेत, गाडीत एक जागा रिकामी आहे. अज्जींसाठी मी आपल्याकडच्या सुताराकडून सागवानाची काथवट करून घेतली आहे, तळ मुद्दाम रंध्याविना ठेवलाय. तुम्ही येणार असाल तर पहाटे पाचला निपाणीहून निघा, सातपर्यंत बेळगावात पोचाल, आणि येताना वीस लिटरचा एक कॅन भरून आणा.