नख अडलं तर तो कॅमशाफ्ट परत बसवू नका

भाऊ,

कॅमशाफ्टवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, आणि त्यावरचे उंचवटे म्हणजे लोब. लोबवर काहीही दिसलं की शाफ्ट बाद करायला सांगून मी गाडीमालकाला खर्चात पाडतो, नागपूरजवळच्या वाडीतले जुने मिस्त्री पॉलिश पेपर मारून तोच शाफ्ट बसवतात आणि गाड्या चालतात, असं तुमचं म्हणणं.

यातलं अर्धं मला मान्य आहे. ‘कोणताही डाग’ असं मी लिहिलं, ते चुकलं. तेलाचा काळपट डाग, रोलर फिरून आलेली चकाकी, नख न अडणारी बारीक रेघ, एवढ्यावरून शाफ्ट फेकायचं कारण नाही. ते वाक्य आजच बदलतो.

पण नख अडलं, तर मी ठाम आहे. रोलर टॅपेटच्या, म्हणजे लोबवरून रोलर फिरून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या इंजिनात बऱ्याचदा पृष्ठभागाखाली आधी तडा जातो, मग वरचा कपचा निघतो. पेपरनं खड्ड्याची कड गुळगुळीत होते, आतला तडा तसाच राहतो. इंजिन १५०० आरपीएमवर असलं तर कॅमशाफ्ट निम्म्या वेगानं, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा फिरतो, तासाला ४५,०००. नागपूरहून हैदराबाद गाठेपर्यंत रोलर त्या कडेवरून चार लाखांहून जास्त वेळा जातो.

मीही एकदा पेपर मारूनच बसवला होता. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट लोब, टोकाजवळ तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. उमरेडच्या कोळशाची खेप अडली होती, मालक डोक्यावर उभा. काही आठवड्यांत गाडी टकटक करत परत आली. टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप जुळवला, तो पुन्हा वाढला. खोललं तेव्हा खड्डा लोबच्या रुंदीभर पसरला होता, रोलरचेही कपचे उडाले होते आणि तो चुरा तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोचला होता. शाफ्ट, टॅपेट, बेअरिंग, सगळं बदलावं लागलं. तो खर्च माझ्यामुळे वाढला, हे मला अजून बोचतं.

लोबची झीज मोजताना मायक्रोमीटर सकाळी एक आणि दुपारी दुसरंच माप दाखवतो, हा तुमचा अनुभव खरा आहे. मे महिन्यात शाफ्ट अंगणात उन्हात पडलेला असतो आणि मायक्रोमीटर पेटीत. ५० मिमी पोलाद ३० अंशांनी जास्त तापलं तर साधारण ०.०१७ मिमी वाढतं, म्हणून दोन्ही रात्रभर एकाच सावलीत ठेवून सकाळी मोजा. त्याहून बरं म्हणजे शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवा, डायल गेज (काट्यानं उंची दाखवणारं माप) लोबच्या पाठीवर शून्य करा, हळूहळू फिरवून टोकापर्यंतची उचल बघा. शेजारच्या सिलिंडरच्या त्याच लोबशी ती ताडून पाहा, आणि मर्यादा त्या इंजिनच्या पुस्तकातलीच धरा.

सध्या तुमच्याकडे खोललेल्या गाडीचा जुना ऑइल फिल्टर फेकला नसेल तर आधी तो कापा. कागदाच्या घड्या पसरून खालून चुंबक फिरवा. चमकणारे कपचे हलले, तर पेपर मारायच्या आधी मला फोटो पाठवा.