रिकाम्या खुर्चीच्या मतदारसंघात सुखानं कसं राहावं

पहिला सल्ला. तुमच्या मतदारसंघात आमदार नसेल तेव्हा घर बदलू नका.

मी बदललं. (हे लिहितोय २०२४ च्या पावसाळ्यात, सोलापुरात.) लाईट बिल घरमालकाच्या नावावर, भाडेकरार नोटरीचा, आणि गॅसवाल्याला आधारवर नवा पत्ता पाहिजे. म्हणून मागच्या शुक्रवारी दांडी मारून आधार सेंटरवर गेलो. तिथं लाडक्या बहिणींची रांग पार जिन्यापर्यंत, माझा नंबर लागला दीड वाजता. काउंटरवरचं पोरगं कागद उलटेपालटे करून म्हणालं, "काका, नोटरीचं चालत नाही. हा फॉर्म घ्या, वर फोटो चिकटवा आणि नगरसेवकाची सही-शिक्का आणा." म्हटलं, नगरसेवक कुठाय बे, मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक बसलाय. "मग आमदारांची आणा." म्हटलं, आपलं सोलापूर शहर मध्य, आपल्या आमदार प्रणिती शिंदे जूनमध्ये खासदार झाल्या, जागा रिकामी आहे. पोरगं जरा वेळ स्क्रीनकडं बघत बसलं, मग फार काळजीनं म्हणालं, "काका, मग तुम्ही नक्की राहता कुठं?"

तर हे लिखाण त्या प्रश्नाचं उत्तर समजा.

दुसरा सल्ला, माजी नगरसेवकांचा मान ठेवा. माझ्याकडं आलेल्या लेटरहेडवर 'नगरसेवक' हे अक्षर बसस्टँडवरून वाचता येईल एवढं होतं आणि 'माजी' औषधाच्या बाटलीवर एक्सपायरी छापतात त्या साईजचं. साहेबांनी चहा पाजला, सही केली, शिक्काही मारला. सेंटरवाल्या पोराने भिंग नसताना ते 'माजी' वाचलं.

तिसरा, विधान परिषदेवर फार जीव टाकू नका. आपल्या जिल्ह्याची स्थानिक स्वराज्य संस्थांची एक जागा आहे, ती जानेवारी २०२२ पासून रिकामी. तिला मत देतात नगरसेवक आणि झेडपी मेंबर, आणि मतदार किमान पंच्याहत्तर टक्के हजर असल्याशिवाय ती निवडणूक घेत नाहीत. इथं तेवढे मतदारच नाहीत. म्हणजे नगरसेवक नाहीत म्हणून तो आमदार नाही, आणि दोघं नाहीत म्हणून माझा गॅस नाही. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे आमदार आहेत की, पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत पाच जिल्ह्यांना मिळून एक-एक, हिंडा त्यांच्यामागं.

खासदार? अधिवेशन चालू आहे, दिल्लीत आहेत. तिथंच असायला पाहिजे, त्यासाठीच पाठवलंय.

पाण्याचा सल्ला देत नाही. सोलापूरचं पाणी तुम्हाला माहिती आहे.

आता जरा कायद्याचं. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१अ आहे, जागा रिकामी झाली की सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. अपवाद दोनच, एक म्हणजे मुदत वर्षाच्या आत संपत असेल तर नको, आणि दुसरा म्हणजे निवडणूक आयोगाने केंद्राशी बोलून सांगितलं की बाबा या मुदतीत घेणं अवघड आहे. आपल्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपते, म्हणून आपल्याला पोटनिवडणूक नाही. धारावी, दर्यापूर, पैठण, तिथलेही आमदार खासदार झाले, सगळे आपल्याच लाईनीत. ठीक आहे, हे मला पटतं, चार महिन्यांच्या आमदारासाठी कशाला कोट्यवधी घालवायचे, कायदा आहे तर आहे, मी सुशिक्षित माणूस आहे, गॅस नसला तरी सुशिक्षित आहे.

म्हणून चौथा सल्ला असा की जागा रिकामी व्हायचा मुहूर्त बघून घ्या. पुण्याचं बघा. खासदार गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये गेले, लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत, म्हणजे वर्षाच्या वर शिल्लक, कलम सरळ लागू. पोटनिवडणूक झाली? नाही. आयोग म्हणाला आम्ही २०२४ च्या तयारीत गुंतलोय आणि निवडून आलेल्याला काम करायला तरी किती दिवस मिळणार. त्याच काळात दुसरीकडं पोटनिवडणुका घेतल्या, तिथं वेळ मिळाला. एक पुणेकर मुंबई हायकोर्टात गेला, डिसेंबरात कोर्टानं सांगितलं ताबडतोब घ्या, जानेवारीत सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली, आणि एवढं मोठं पुणे वर्षभर खासदाराशिवाय बसलं. तिकडं चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर मे २०२३ मध्ये गेले, तीही जागा तशीच. बरं, मुदत कमी होती म्हणून सोडली म्हणावं तर अकोला पश्चिम बघा! तिथं आमदार नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले, तेव्हा विधानसभेची मुदत कशीबशी वर्षभर, आणि आयोगाने २६ एप्रिल २०२४ ची तारीख जाहीर केली, मग नागपूर खंडपीठाने सांगितलं की वर्ष शिल्लक नाही, रद्द करा. म्हणजे जिथं घ्यायची तिथं घेत नाहीत आणि जिथं घ्यायची नाही तिथं जाहीर करतात, आणि आम्ही बोट पुढं करून उभे, शाई लावा नाहीतर पुसा, तुमची मर्जी.

आणि घ्यायचीच म्हटल्यावर कशी घेतात ते आपल्याला कोण शिकवणार? पंढरपूर-मंगळवेढा विसरलात का? तिथले आमदार भारतनाना भालके नोव्हेंबर २०२० मध्ये गेले, मतदान १७ एप्रिल २०२१ ला, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात, १४ एप्रिलपासून राज्यात संचारबंदी. माझ्या मावसभावाला मंगळवेढ्यात भाचीच्या लग्नाला पंचवीस माणसांच्या वर परवानगी नव्हती आणि समोरच्या मैदानात हजाराची सभा, मास्क हनुवटीला. मुंबईचे पुढारी येऊन हुरडा नसताना हुरडा पार्टीसारखे हिंडत होते. आचारसंहिता तर साऱ्या जिल्ह्याला, कारण महापालिका हद्दीत पोटनिवडणूक असली तरच ती तेवढ्या मतदारसंघापुरती राहते, एरवी पूर्ण जिल्हा बंद. एका जागेसाठी करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कामं ठप्प. समाधान आवताडे ३,७३३ मतांनी आले, झालं, दुसऱ्या दिवशीपासून पंढरपुरात मुंबईचं एक कुत्रं फिरकलं नाही.

(अंधेरी पूर्वच्या २०२२ च्या पोटनिवडणुकीत दुसऱ्या नंबरवर 'नोटा' होता, म्हणजे 'वरीलपैकी कुणी नाही' हे बटण, १२,८०६ मतं. मला तो उमेदवार आवडतो. सही मागितली तर मिळणार नाही एवढंच.)

पाचवा सल्ला, का सहावा, मोजणं सोडलं. तुम्ही मुख्यमंत्री व्हा. चेष्टा नाही करत. सभागृहात नसलेला माणूस मंत्री झाला की घटनेप्रमाणे सहा महिन्यांत निवडून यावंच लागतं, मग जागा आपोआप सापडते. आपल्याच गावचं उदाहरण घ्या, २००३ मध्ये सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हा ते सोलापूरचे खासदार होते. दक्षिण सोलापूरची जागा आनंदराव देवकत्यांनी रिकामी केली, साहेब तिथून निवडून आले, आणि सुटलेल्या लोकसभेची दुसरी पोटनिवडणूक, त्यात देवकते उभे राहिले आणि भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील जिंकले. एका खुर्चीसाठी दोन पोटनिवडणुका, सगळं वेळेत, कुणी म्हणालं नाही की अवघड आहे. साहेबांवर राग नाही, कायद्यात बसतं ते केलं. पण बघा की, पुढाऱ्याला जागा पाहिजे असेल तेव्हा सहा महिने म्हणजे सहा महिने, आणि मतदाराला माणूस पाहिजे असेल तेव्हा सहा महिने म्हणजे बघू.

आणि ते दोन-दोन ठिकाणी फॉर्म भरणारे! दोन्हीकडं जिंकले की एक सोडतात आणि तिथल्या लोकांनी परत रांगेत यायचं. आयोगाने २००४ मध्येच सुचवलं होतं की हे बंद करा, नाहीतर सोडणाऱ्याकडून पोटनिवडणुकीचा खर्च घ्या, विधानसभेला पाच लाख, लोकसभेला दहा. वीस वर्षं झाली. मी एसटीचं रिझर्वेशन कॅन्सल केलं तरी पैसे कापतात राव.

बास आता सल्ले.

खरं सांगतो, मला आयोगापेक्षा आपलाच जास्त राग येतोय. शुक्रवारी त्या रांगेत शंभर माणसं होती. शहर मध्यला विधानसभेला कोण उभं राहणार, कुणाचं तिकीट कापणार, कोण कुठल्या गटात चाललाय, प्रत्येकाला तोंडपाठ. पण महापालिकेची निवडणूक किती वर्ष झाली नाही म्हणून विचारलं तर एक जण म्हणतो दोन, एक म्हणतो पाच, एक म्हणतो "नगरसेवक आहेत की आमचे, परवाच वाढदिवसाचा बोर्ड लागला." अरे कुठं आहेत? अडीच वर्षं तुमच्या गल्लीचं बजेट एक अधिकारी एकटा मंजूर करतोय आणि तुम्हाला पत्ता नाही? पोटनिवडणूक लागली की पैजा लावता, निकालाच्या दिवशी टीव्हीपुढनं उठत नाही, आणि जागा रिकामी पडली की एकालाही टोचत नाही. ती जागा पक्षाची नव्हती, साहेबांची नव्हती, बोर्डावरच्या त्या गॉगलवाल्याची तर नव्हतीच. आपली होती. घरातली एक खोली कुणी कुलूप लावून गेला असता तर असं गप्प बसला असतात का?

फॉर्म अजून शर्टाच्या खिशात आहे, फोटोचा एक कोपरा सुटलाय. त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही पण चालते म्हणे. एका साहेबांकडं गेलो होतो, ते म्हणाले मी तुम्हाला ओळखत नाही, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगा, सोमवारच्या आत. शेजाऱ्यांकडनं आणलेला सिलिंडर संपत आलाय.